सातव्या कोनाड्यातली डबी

शनिवारी आम्ही ट्राम शोधली.
ती आता नाही हे ठाऊक होतं,
तरी नाशिकरोडहून मेनरोडपर्यंत
निम्मं रिक्षानं, निम्मं पायी
माना खाली घालून गेलो,
डांबरावर कुणाचं नाणं पडल्यासारखे.
घोड्यांचा तबेला नेमका कुठे होता
यावरून हुसेनी लोखंडवाला आणि वसुमती गर्गे
पानाच्या टपरीसमोर अर्धा तास भांडले.
टपरीवाल्यानं विचारलं, घोडं हरवलंय का?
वसुमतीबाई म्हणाल्या, हो. फार वर्षं झाली.

मी खजिनदार.
छत्तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
हाताला लागतील पण आपले नसतील असे पैसे मोजले.
आता मेळाव्याचे मोजतो:
माणसं चौतीस, वर्गणी तीसांची,
मतं मोजायचं सोडून दिलंय.

रविवारी सहल. इगतपुरी, मग घाट उतरून कसारा.
अस्वलीला गाडी लूपवर घेतली,
कांद्याची मालगाडी पुढे काढायची होती.
गाडी रखडली म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं
अख्ख्या मुलखात आम्हीच.
भराभर उतरलो आणि एका गंजक्या खांबावरचं
ओतीव साल बोटांनी वाचत बसलो.
गार्डानं कपाळाला हात लावला.

इगतपुरीला गोमा गभाले चढले.
प्रमुख पाहुणे. खरं सांगायचं तर
ड्रायव्हर कुणी मिळाला नाही म्हणून.
पिंप्री सदोचे. आधी गँगमन, मग चावीवाला.
कडक इस्त्रीचा सदरा, खिशात पेन, पेनाला टोपण नाही.
डॉक्टर नेरकर वही उघडून सरसावले:
खेकडा इंजिनं आठवतात? एखादा नंबर?
गभाले म्हणाले, नंबर पुढं असतो, साहेब.
आमी बाजूला उभं असायचो.

वहीत काही लिहिलं गेलं नाही.

बोगदा आला तसे सगळ्यांचे मोबाईल वर झाले.
त्यांनी तेवढं कपाळ काचेला टेकलं.
एक. दोन.
आत भिंतीला कोनाडे असतात,
एक माणूस मावेल एवढे.
रूळ कुजबुजायला लागले की
पाना-हातोडा पोटाशी धरून शिरायचं,
पाठ दगडाला, श्वास आत,
आणि नाकासमोरून डबे जाऊ द्यायचे,
उजेडाचे चौकोन.
एकात कुणी केळं सोलतंय,
एकात पोरीची वेणी घालणं चाललंय.
पाच. सहा.
तुम्ही इथून गाडीनं कधीच गेला नाहीत? मी विचारलं.
गेलो की. दाराशी, उभ्यानं. खिडकी आज.

सातवा, ते म्हणाले.
ह्याच्यात चुन्याची डबी असायची.
ज्याची संपली त्यानं खायचा,
ज्याच्याकडं हाय त्यानं भरायचा.
रामजी पारध्यानं ठिवली हुती.
तो गेला, तरी डबी भरलेलीच.
कोण भरतं, कुनी इचारलं नाय.

पितळेची की पत्र्याची? हुसेनीनं विचारलं.
आम्ही असेच आहोत.
पण त्यानं ते इतकं हळू विचारलं
की वसुमतीबाई वाद घालायला सरसावल्या नाहीत.

पत्र्याची. झाकनाला आरसा.

बोगद्यात आरसा कशाला?

गभाले जरा हसले.
गाडी आली की उजेड यायचा ना.
दोन घटका नव्हं, दोन पळं.
तेवढ्यात आपलं त्वांड हाय जाग्यावर, बघून घ्यायचं.

मग दरी उघडली, ऊन आत आलं,
आणि कुणाला फोटो काढायचं सुचलं नाही.

कसाऱ्याला वडे खाल्ले. चौतीस प्लेटी आणि पाहुण्यांची एक;
पाहुण्यांनी स्वतःचे पैसे दिले,
माझा हिशेब तिथे अजून जुळत नाही.
परतताना मागून बँकर लागली,
गाडी ढकलली जात वर निघाली.
चढणीची लाइन वेगळी, बोगदे वेगळे.
त्यांचा सातवा कोनाडा ह्या बाजूला नव्हताच.
हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?
तरी नेरकर, हुसेनी, मी,
काचेला कपाळं लावून
एक, दोन,