क्रमांक एकसष्ट

ओवळ्याच्या बंगल्यात तीन दिवस टेप घेऊन फिरतेय.
एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बुधाजी दुमाडा.
टेप ताणायचं सोडून तो मध्येच वाकतो,
घाणेरीचं रोप उपटतो, खिशात घालतो.

दीनशाशेठच्या पणजोबांनी आखलेली बाग:
करवंदाचं कुंपण, बेडकांनी बळकावलेलं कारंजं,
खाडीकडे उतरणाऱ्या सात पायऱ्या.
आठवी चिखलात.

नव्या मालकीणबाईंना मोकळं हवंय.
नजर थेट खाडीपर्यंत गेली पाहिजे, म्हणाल्या.
नजर जाते.
मध्ये बकुळ येते.

पालिकेच्या परवानगीसाठी
झाडांवर चुन्याने आकडे घातलेत.
एकसष्टवर नुसतं खोड, कमरेएवढं,
आणि भोवती ओलं आळं.

"हे मेलंय ना?"
"हो. चार वर्षं झाली."
"मग पाणी?"
बुधाजी पाइपाचा पीळ सोडवत राहिला.
"पाळीत येतं ते. बकुळीनंतर."

रात्री घोडबंदर रोडवरच्या खोलीत
नकाशावर सरळ वाट ओढली,
व्हरांड्यापासून पाण्यापर्यंत, एका दमात.
देखणी दिसली.
पट्टी उचलली तर तिच्याखाली
एकसष्ट.

खोडरबर शोधायला बराच वेळ लागला.
वाट आता तिथे जराशी वाकते,
टेप सोडून बुधाजी वाकतो तशी.
बाई विचारतील, इथेच वाकडी का?
सांगीन, उतार आहे.

उतार नाहीये.
मीच मोजलाय, दोनदा.