तीन ग्रॅम

पाच किलो माल्ट पिंपात.
त्या पिंपात आधी आईचा आंबेमोहर असायचा.
तीनदा घासलं, दोन दिवस गच्चीत उन्हाला दिलं,
तरी झाकण उघडलं की आधी तांदळाचा वास येतो
आणि मग भाजक्या सातूचा.
तळाशी कडुनिंबाचा पाला, ही आईची अट:
"पोरकिडे झाले तर तू आणि तुझी दारू
दोघी बाहेर."

हॉप्स फ्रीजरमध्ये, हवा काढून घट्ट बांधलेले,
मटार आणि ओल्या नारळाच्या मधे.
गेल्या संकष्टीला मोदकांना
कसलासा गवती, लिंबाच्या सालीसारखा वास होता.
कोणी काही बोललं नाही.
कुमुदमावशीनं दोन जास्तच घेतले.

यीस्टची पाकिटं दाराच्या कप्प्यात, विरजणाच्या वाटीशेजारी.
यांची आपसात भांडणं होतील, आई म्हणते.

बाबा वजनमापे खात्यात होते, तेहतीस वर्षं.
गुलटेकडीला कांद्याच्या गाळ्यांवरून
पहाटे काटे तपासत जायचे,
पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक
नुसतं बोटानं चाचपून काढायचे.
आता भाजी घेताना ते भाजीकडे बघतच नाहीत.
भाजीवाला बिचारा आपणहून एक टोमॅटो जास्त टाकतो.
तो टोमॅटो ते परत करतात.

माझ्या बीअरबद्दल कधी बोलले नाहीत.
महिन्यातल्या एका शनिवारी
कर्वेनगरच्या आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात
मी वीस लिटर पाणी चढवते
आणि ते पेपर घेऊन गॅलरीत बसतात,
आमच्याकडे पाठ करून.
एकदाच विचारलं होतं, "परवाना लागतो का याला?"
मी म्हटलं, "बघते."
अजून बघतेच आहे.

त्या शनिवारी मी हॉप्स मोजत होते.
काटा रविवार पेठेतला, साडेतीनशेचा,
वर काच, निळे आकडे.
पहिल्या उकळीला वीस,
अर्ध्या तासानं वीस,
आच बंद करताना वीस.
हिरव्या गोळ्या, कोंबड्यांच्या खाद्यासारख्या दिसतात,
पण चुरडल्या की बोटांना झेंडूच्या देठाचा वास
संध्याकाळपर्यंत.

मागे बाबा उभे.
हातात ती लाकडी पेटी.
आत जांभळ्या मखमलीत पितळी वजनं,
शाळेच्या फोटोसारखी उंचीनं लावलेली.
लहानपणी एकदाच मार खाल्ला, तो या पेटीपायी.
माणसाचा घाम लागला की वजन खोटं बोलायला शिकतं,
म्हणाले होते.

चिमट्यानं वीस ग्रॅम उचललं,
काचेच्या बरोबर मधोमध ठेवलं.
सतरा.
उचललं. शून्य. पुन्हा ठेवलं.
सतरा.
पन्नास ठेवलं. सत्तेचाळीस.

"तीन खातो," म्हणाले.
गाळ्यावरचाच आवाज,
फक्त पावतीपुस्तक नव्हतं हातात.
मग काटा जप्त केल्यासारखा आपल्याकडे ओढून घेत,
"तरीच मागची कडू झाली होती."

पातेल्याला उकळी फुटत होती.

मागची म्हणजे मार्चमधली.
तीस बाटल्या भरल्या होत्या, मोजल्या तेव्हा अठ्ठावीस.
माझंच गणित कच्चं, म्हणून सोडून दिलं होतं.

आईचा कणकेतला हात थांबला.
मी बाबांकडे बघितलं, बाबा वजनांकडे.
वीसचं वजन त्यांनी परत मखमलीत ठेवलं,
पन्नासाच्या खाचेत.
काढलं. आपल्या खाचेत ठेवलं.

"सतरा दाखवलं की वीस समज," म्हणाले,
"नवा काटा येईपर्यंत.
मी येतो बरोबर घ्यायला.
तुला काहीही गळ्यात मारतील."

मी सतरा मोजले. तीनदा.
उरलेल्या हॉप्सची पिशवी त्यांनीच बांधली,
चिकटपट्टीवर तारीख घातली,
खाली निव्वळ वजन,
आणि त्याच्याही खाली, हाताला सवय म्हणून,
सही.