आजीवन

जांभळी नाक्यावर चौथी खेप.
गल्ल्यापाशी पान्याचे दोन तुकडे ठेवले, बावीस-चोवीस.
"बिल?"
आहे. अक्षरं उडालीत, 'आजीवन' तेवढं वाचता येतं.
"यावर काय कोरलंय?"
माझं नाव. य. भोईर.
वागळे इस्टेटीत बिननावाचा पाना
दुसऱ्या शिफ्टपर्यंत टिकत नाही, शेठ.
"मग हमी गेली. कोरलं म्हणजे छेडछाड."
चोरीला गेला असता तर शाबूत राहिली असती म्हणजे.

माळ्याच्या शिडीवरून त्याचा बाप उतरला,
एकेक पायरी.
तुकडे जुळवले, अक्षरांवर अंगठा फिरवला.
"'य'ची रेघ वाकडी. माझाच हात.
पाच रुपये घेतले होते."
पोराकडे बघितलं नाही.
खोक्यातला नवा काढला, ग्रीस पुसलं,
कोरायच्या यंत्राची पिन खोचली.

"नाव तेच ना?"