तेराची ढांग

हिलारिओन, आधी इंजिन बंद कर, मग बोल.
ते धापा टाकतंय
आणि तू त्याच्यावर आवाज चढवतोयस.
हं. आता सांग पुन्हा.
मूठ पुरती पिळली तरी काटा
त्रेचाळीसशेच्या वर हलत नाही,
होडीचं नाक आभाळात, शेपूट तळ्यात,
मागं काळा धूर, माझ्या नवऱ्याच्या ट्रकसारखा.

दाखव पंखा.

अरे वा, स्टील. तोंड दिसतंय माझं.
आणि बोंडावर कोरलाय आकडा: तेरा.
सेवेरिनोनं पाठवला ना? इकिकेच्या बंदरातून,
दोन पगार साठवून, घोंगडीत गुंडाळून.
ठाऊक आहे. सगळ्या वाताहाताला ठाऊक आहे,
तूच सांगत फिरलास.

आकडा म्हणजे ढांग. दुसरं काही नाही.
मळसूत्र लाकडात शिरतं तसा पंखा पाण्यात शिरतो,
एका फेरीला तेरा इंच.
निदान ठरलेलं तसं; पाणी म्हणजे लाकूड नव्हे,
थोडं निसटतंच.
पण तेराची ढांग टाकायला छातीत वारा लागतो.
खाली समुद्रकाठी हवा लापशीसारखी दाट.
इथं, अडतीसशे मीटरवर,
तू चाळीस घोड्यांचं इंजिन विकत आणतोस
आणि तळ्याशी पोचतात सत्तावीस.
बाकीचे घाटातच बसले.

नऊ लाव.
इंचाला दोनशे फेऱ्या, हा माझा अंदाज;
चुकला तर दुसरा लावू, पैसे मात्र परत नाहीत.
आणि रिकामी होडी आणू नकोस मोजायला.
ट्राउटच्या खाद्याची पोती भर, बर्फाची पेटी,
बायको, बायकोची आई.
रिकाम्या होडीवर जोखलेला पंखा
लग्नातल्या बुटांसारखा, बटाट्याच्या वाफ्यात कामाचा नाही.
सात? सातही नको.
सासूला उतरवून परतताना इंजिन किंचाळेल.

काय? नऊचाच, पण स्टीलचा?

स्टील वाकत नाही, खरं आहे.
म्हणूनच नको.
तळं उतरलंय. सुरिकीच्या वाटेवर असे खडक वर आलेत
जे माझ्या बापानं कधी पाहिले नव्हते.
अॅल्युमिनियम खडकाला लागलं की त्याचा कान मुडपतो,
मी ऐरणीवर ठोकून सरळ करते,
दोनदा, फार तर तीनदा.
स्टील मार गिळतं आणि वर पाठवतं,
दांड्यातून थेट गिअरात.
गिअर ला पासहून येतं, तीन आठवड्यांनी,
वासराच्या किमतीत.
आधी मोडायचं ते स्वस्त असावं.
पंख्याबद्दल बोलतेय मी. बाकीचं तुझं तू बघ.

आता गप्प का?

पंखा मांडीवर घेऊन बसलास,
जसं कुणी तापातलं मूल घेऊन बसावं.

ऐक. ऑगस्टात सेवेरिनो आला होता सणाला.
धक्क्यावरून देवळापर्यंत चढताना
दोनदा बसला, ओठ निळे,
कोकाची पानं चघळूनही डोकं धरून.
तू काय केलंस?
त्याची बॅग घेतलीस
आणि त्याच्याएवढीच छोटी पावलं टाकलीस.
मी खिडकीतून बघत होते.
कुणी म्हणालं का, याचं भावावर प्रेम नाही?

मग.

स्टीलचा विकू नकोस. तेल लाव, टांगून ठेव,
नाहीतर त्याच्याकडे परत पाठव, खाली,
जिथं तेराला तेरा म्हणतात.

*

बुधवारी तो आला, भरल्या होडीनं.
सासू पुढं, टोपी दोन्ही हातांनी दाबून.
मी दारावर खडूनं लिहिलं: एक्कावन्नशे.
अंदाजात शंभरेक इकडंतिकडं चालतं.
धूर नाही. नाक खाली.
मजुरी म्हणून तीन ट्राउट देऊन गेला,
एक जरा लहानच.

स्टीलचा पंखा माझ्याकडेच आहे अजून.
"न्यायला येतो," म्हणाला होता.
कोंबडी त्याच्या पात्यांमध्ये बसायला लागलीय,
आणि मी तिला हुसकत नाही.