कोरडा शिधा

भिक्षूंच्या पात्रात पडतो शिजलेला भात, वाफेसकट.
आम्हा बायकांना कोरडा.
असं का, हे सगाईंच्या टेकडीवर कुणी विचारत नाही.
मीही विचारलं नाही,
चाळीस वर्षावास चूल फुंकताना.

ऊन चढायच्या आत मुली परततात,
गुलाबी वस्त्रांच्या काठाला धूळ, डोक्यावर थाळे,
आणि चटईवर ओतलं जातं सगळं गाव:
चांदीकाम करणाऱ्यांचा जुना, वासाचा तांदूळ,
मागावरच्या विधवेची कणी,
लष्करातल्या कुणाच्या घरचा पांढराशुभ्र,
ज्यात खडा सापडत नाही,
नावाड्याचा लालसर,
ज्यात सापडतोच.
मी पाखडते. खडे वेगळे होतात.
घरं होत नाहीत.

शितावरून भाताची परीक्षा, म्हणे.
आमच्या हंड्यात ती चालत नाही.
नवा तांदूळ गळून गेलेला असतो
तेव्हा कुठे जुना पाणी प्यायला लागतो.
एक शीत आपल्यापुरती साक्ष देतं,
शेजारच्याचं त्याला काही ठाऊक नसतं.

काल सुचारी चुलीशी येऊन उभी राहिली.
नऊ वर्षांची, पलाऊंग डोंगरातली,
मुंडण केलेलं डोकं अजून खाजवते.
म्हणाली, लोहारआळीच्या टोकाला एक बाई आहे.
काही नसलं की लोक 'कदॉ बा' म्हणतात,
म्हणजे नमस्कार, म्हणजे पुढे व्हा.
ती तसं म्हणाली नाही.
चपला काढल्या. मडक्यात चमचा घातला.
खरवडल्याचा आवाज आला.
आणि रिकामा चमचा माझ्या थाळ्यात उपडा केला,
दोन्ही हातांनी.
मी आशीर्वाद म्हटला, अख्खा.
चुकलं का?

मी विचारलं, पोरं होती?
होती. दाराआड. दोन.

तो आवाज मला ठाऊक आहे.
आमच्या घरात तो आला,
त्याच वर्षी मला इथे आणून सोडलं.

आज पुन्हा फेरीचा दिवस.
सुचारीच्या थाळ्यात, फडक्याखाली,
पहाटेच दोन मापं तांदूळ घालून ठेवले.
भरला थाळा घेऊन भिक्षेला निघणं
नियमात बसतं का,
मोठ्या माताजींना विचारायला हवं.
विचारीन.
आधी हे खडे निवडायचेत.