सिमरोल नाका, डिसेंबर

कागदावर त्या किड्याचं नाव लॅटिन आहे.
दुबेजी ते दर वेळी वेगळं वाचतात
आणि शेवटी, उगाच, 'साहेब' लावतात.
आम्ही भुंगाच म्हणतो.
तांदळाएवढा, हिरवट पाठीचा.
उभ्या जन्मात फार तर दोन कोस उडतो,
असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.
घाट त्याला एकट्याला चढवला नसता.
आपण चढवला,
टेम्पोत बसवून, वर ताडपत्री घालून, रात्रीचा.

म्हणून हा आडवा बांबू.
म्हणून ही पाटी : साल असलेलं सरपण पुढे नेण्यास मनाई.
पाटीखाली रोज एक ट्रक थांबतो
आणि पाटी दिसली नाही म्हणतो.

सुमली बारेला मोळी घेऊन येते तेव्हा मी बांबू उचलते.
तिची मोळी कुठवर जाणार? चुलीपर्यंत.
भुंगासुद्धा तिच्याहून लांब जातो.
हे नियमात नाही.
दुबेजी अशा वेळी काडेपेटी शोधायला आत जातात.

फार्महाऊसवाल्यांना उचलत नाही.
"मॅडम, शेकोटीपुरती आहेत, रात्री जाळूनच टाकणार."
रात्रीपर्यंत पुष्कळ वेळ असतो, मी म्हणते,
आत जो आहे त्याला बाहेर यायला.

काल साडेनऊला एक व्हॅन आली.
मागची सीट काढलेली, तिथे शिसवाचे ओंडके,
पुढे कानटोपीत वाकसकर,
वय एक्क्याऐंशी, दफ्तरखान्यातून रिटायर.
बडवाहच्या शेतातलं झाड उभ्या उभ्या वाळलं, म्हणाले,
बंबाला वर्षभर होईल.
गीझर आहे हो. सुनेनं लावलाय.
पण त्या पाण्याला वास नसतो.

मग माझं आडनाव विचारलं, मग मूळ गाव,
मग महूचे अमुक तुमचे कोण.
निघालं काहीतरी. सख्खं नव्हे,
पण बांबू हलायला पुरलं असतं.

"सोलून न्या," मी म्हटलं.
"साल इथे राहील."

ड्रायव्हरकडे कोयता होता, दुबेजींकडे कुऱ्हाड,
मी स्वयंपाकाचा विळा आणला.
बल्बखाली बसलो चौघं, गोणपाटावर,
थंडीनं बोटं आखडलेली.
साल सुटताना आवाज येतो,
जखमेवरची वाळलेली पट्टी ओढावी तसा.
आणि खाली, लाकडावर, अक्षरं.

खरंच अक्षरं.
टाक न उचलता लिहिलेली,
एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं,
सुरुवातीला केसाएवढी बारीक, पुढे पुढे जाड,
लिहिणाऱ्याचं अंग भरत गेल्यासारखी.

वाकसकरांनी मोबाईलची बत्ती धरली.
अडतीस वर्षं मोडी वाचली, म्हणाले,
तुपाच्या याद्या, घोड्यांच्या चंदीचे कागद,
एका बाईनं नुसतं लुगडं मागितलेला अर्ज.
पण हा कारकून भलताच.

"काय लिहिलंय?" दुबेजींनी विचारलं, हिंदीत नव्हे,
त्यांच्या त्या मराठीत, जी ते फक्त मला चिडवायला बोलतात.

म्हाताऱ्याचं बोट वळणावळणानं गेलं.
ओळ एके ठिकाणी संपत होती.
तिथे भोक होतं, मोहरी मावेल एवढं, अगदी गोल.
"हिशेब दिसतो," म्हणाले.
"पुरा करून, सही ठोकून, निघून गेलाय."

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
मग ड्रायव्हरनं पुढचा ओंडका ओढला.

साल डांबराच्या पिंपात जाळली.
त्यांनी एक तुकडा मागितला, हातभर, वाचायला.
मी नाही म्हटलं.
दुसऱ्यांदा मागितला नाही,
पण कानटोपी नीट करत बराच वेळ पिंपाशी उभे राहिले,
आणि जाताना व्हॅनमध्ये ते ओंडके
न्हाणीतून आत्ताच आल्यासारखे उघडे, पिवळे.

पहाटे ड्यूटी संपली.
इंदूरच्या बसचा दिवा वळणावर दिसला.
चढण्याआधी मी शाल झटकली.
मग स्वेटर.
मग केस सोडून, वाकून, केस.
कंडक्टर थांबला होता.