दोन खिळे

बाबा दिवसाला सात-आठ मैल चालायचे
आणि गल्लीबाहेर पडायचे नाहीत.

तळघरातला छापखाना, भिंतीभर फळ्या,
फळ्यांवर सात हजार अक्षरं, उलटी,
प्रत्येकाचा खिळा वेगळा.
"पाण्याची अक्षरं खिडकीपाशी," ते सांगायचे,
"नदी, समुद्र, घाम, आंघोळ.
काळजाची जिन्याखाली. राग, लाज, विसरणं.
गवताची मधोमध,
किराणावाल्यांना रोजच चहा आणि लसूण लागतो."

डाव्या हातात मजकूर, उजवा फळीवर,
एक वाक्य म्हणजे खोलीभर येरझारा.
लग्नाच्या बातमीला चाळीस पावलं.
मयताच्या बातमीला बरीच जास्त:
गाव, तालुका, मागे राहिलेल्यांची नावं,
आणि शोकाचा खिळा एकदा फ्लूच्या साथीत संपलाच,
तेव्हा त्यांनी रात्री बसून
खोक्याच्या फळकुटातून तीन कोरले.

सगळ्यात झिजलेलं अक्षर सोन्याचं.
सॅन फ्रान्सिस्कोला आमच्यात म्हणतात जुना सोन्याचा डोंगर,
पहिल्या पानावर, दर पत्त्यात, दर जाहिरातीत.
डोंगर ठसठशीत उठायचा,
जुना ठीकठाक,
सोनं पुसट.

संध्याकाळी रॉकेलनं हात धुऊन
पेज आणि खारवलेलं अंडं.
आई शिवणाच्या कारखान्यातून यायची,
केसांत दुसऱ्यांच्या पँटींचे धागे.
कुणी फार बोलायचं नाही.
खाडीवर धुक्याचा भोंगा वाजायचा
तेवढाच काय तो पाहुणा.

मी शनिवारच्या शाळेतून तिसरीत पळाले.
आता बँकेत आहे. सह्या ताडून बघते,
खऱ्या की खोट्या.

पंधराव्या वर्षी बेटावर त्यांना अधिकाऱ्यानं विचारलं होतं,
घरापासून विहीर किती पावलांवर?
"अठ्ठावीस."
तांदळाचं पिंप कुठल्या कोपऱ्यात?
"चुलीच्या डावीकडे."
सगळं चोख. विहीर दुसऱ्याची,
चूल दुसऱ्याची, बाप दुसऱ्याचा,
आडनाव विकत घेतलेलं: मोक.
उत्तरांची वही बोटीवरच पाठ केली
आणि समुद्रात टाकली.
हे मला आईनं सांगितलं, त्यांच्या माघारी,
तेही भांडी घासताना, पाठमोरी.

खरं आडनाव?
"मी विचारलं नाही," ती म्हणाली. "लग्न मोकशी झालं."

संगणक आला त्या वर्षी खिळे भंगारात गेले,
वजनावर.
बाबा त्यानंतर खुर्चीत बसून असायचे,
पाय मात्र हलत असायचे.

ते गेल्यावर कोट दानात द्यायला काढला
तर अस्तरात काहीतरी टोचलं.
दोन खिळे. शिवणीत नीट टाचलेले,
टाका आईचा.

मला वाचता येईना. आरशात धरले, तरी येईना.
खाली फोंगच्या दुकानात नेले,
काचेत बदकं टांगलेली, मागे रांग.
त्यानं सुरी पुसली,
दोन्ही खिळे सोया सॉसमध्ये बुडवले,
बदक बांधायच्या गुलाबी कागदावर दाबले.

"सीतू," तो म्हणाला.
"जोड आडनाव. अक्षरं दोन, माणूस एक.
फार नसतात. कुणाचं?"

मी म्हटलं, "बँकेतल्या एका गिऱ्हाइकाचं."
इतकं सहज निघालं तोंडून,
चोख, अधिकाऱ्यापुढं उभं असल्यासारखं.

रांगेतून कुणी ओरडलं, अर्धं द्या, हाडांसकट.

कागद अजून आहे. तेल पसरत पसरत
अक्षरांच्या कडेपर्यंत आलंय.

कोल्माच्या स्मशानात दगडावर इंग्रजीत मोक आहे.
खाली जागा सोडायला सांगितली होती.
दगडवाला अक्षरामागे पैसे घेतो,
दोनदा फोन झाला त्याचा: किती अक्षरं?
सांगते म्हटलंय.

फाटकापासून मोजून ठेवलंय मात्र.
दोनशे अकरा.
चढाला थोडी जास्त भरतात.